किल्लारीच्या पाटीवर

आमच्या मोटारीला चढ आवडत नाही, हे कळायला आम्हांला पाच महिने आणि साडेअकरा हजार रुपये लागले.

मोटार एकोणीस वर्षांची. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावे तसे आम्ही तिच्याविषयी बोलतो. म्हणजे तोंडावर आदराने आणि माघारी काळजीने. सपाट रस्त्यावर ती अजूनही झकास चाले. पण चढ लागला, त्यात आम्ही चौघे आत असलो आणि गारव्याचे यंत्र चालू असले, की तिला उचक्या लागत. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर पुढे उडी घेण्याऐवजी ती बिचकलेल्या बैलासारखी जागच्या जागी अंग काढी. पुण्यातल्या एका गॅरेजने प्लग बदलले. दुसऱ्याने पेट्रोलची गाळणी बदलली. तिसऱ्याने टाकीतला पंपच नवा घातला. नवा पंप तीन आठवडे इमानाने वागला आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा उचक्या सुरू!

विशेष म्हणजे प्रत्येकाने वीज तपासली होती. “पंपाला पूर्ण बारा व्होल्ट येतायत, काका,” असे म्हणून प्रत्येकाने मला मीटर दाखवला होता, आणि त्यावरचा आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

अशा मोटारीतून गेल्या भाऊबीजेला आम्ही पुण्याहून लातूरला निघालो. निघण्याचे कारण माझी आई. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. लातूरचे मामा चौऱ्याऐंशींचे. मामांचा दर रविवारी फोन येतो आणि दर रविवारी ते तेच सांगतात, “मी ठणठणीत आहे. तू एवढ्या लांब येण्याची दगदग करू नकोस.” या वर्षी फोन खाली ठेवल्यावर आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तो न विचारता ठणठणीत म्हणतोय. म्हणजे गेलंच पाहिजे.” आमच्या सौभाग्यवतींनी आकाशवाणी किंवा आगगाडी सुचवावी तशी भाड्याच्या गाडीची सूचना केली, पण घरात मोटार असताना भाड्याच्या गाडीतून भावाकडे जाणे आईला कमीपणाचे वाटले. मोटारीचा स्वभाव तिला ठाऊक नव्हता.

पुण्याहून लातूरला जायला बार्शीवरून जवळ पडते. पण त्या वाटेला येडशीचा घाट आहे. म्हणून मी लांबची पण सपाटीची वाट धरली : सोलापूर, नळदुर्ग, उमरगा आणि तिथून उत्तरेला वळून किल्लारी, लामजना, औसा, लातूर. पहाटे पाचला निघालो. सोलापूरपर्यंत मोटार अशी चालली, की मी चुकून शीळ घातली. नळदुर्गाच्या अलीकडे पलीकडे बालाघाटाच्या टेकड्यांनी तिला दोनतीन उचक्या दिल्या. आईने विचारले, “हिला पाणी पाजायचं का?” मी म्हटले, “हो, उमरग्याला.”

उमरग्याला महामार्ग सोडला आणि रस्त्याचा चेहरा बदलला. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. सोयाबीन निघालेले, त्याच्या भुसाचे ढीग शेताच्या कडेला. तुरीला पिवळी फुले आलेली. मधूनच उसाचे हिरवे चौकोन आणि रब्बीच्या ज्वारीसाठी नुकत्याच ओढलेल्या पाभरीच्या रेघा. दिवाळीच्या दिवसांत मराठवाडा पाहावा. उन्हाळ्यात ज्याने त्याला पाहिले असेल त्याला तो ओळखू येत नाही. नारंगवाडी गेली, तेरणा नदी आली. तेरणा ओलांडली की धाराशिव जिल्हा संपून लातूर जिल्हा लागतो. पूल संपल्यावर जो लहानसा चढ आहे त्यावर आमच्या मोटारीने शेवटची उचकी दिली आणि ती शांत झाली.

दुपारचा एक वाजला होता. मी आणि माझी कन्या खाली उतरून मोटार ढकलू लागलो. सौभाग्यवती चक्रावर बसल्या. आई आत राहिली; भार कमी करावा असे कुणाच्या डोक्यात आले नाही. एवढ्यात मोटारसायकलवरून दोन तरुण आले. “कामून ढकलायलाव, काका?” असे विचारून उत्तराची वाट न पाहता त्यांनी मोटारसायकल बाजूला लावली आणि आमच्यापुढे होऊन मोटारीला हात घातला. “पाटीवर मिस्त्री हाय. आज भाऊबीज हाय खरं, पर त्यो असतोय.”

पुण्याच्या माणसाला ‘पाटी’ म्हटले की दारावरच्या सूचना आठवतात. मराठवाड्यात गावाचा फाटा जिथे फुटतो आणि एस. टी. थांबते ती पाटी. तिथे चहाचे दुकान असते, खताचे असते, आणि आता मोबाइलचेही असते. किल्लारीच्या पाटीवर आणखी एक पत्र्याची शेड होती. बाहेर फळीवर रंगाने लिहिलेले : मोटार रिवाइंडिंग व ऑटो इलेक्ट्रिक.

किल्लारी! हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते १९९३ साली. ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे त्या पहाटे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. आम्ही मुलांनी लक्ष्मी रस्त्यावर चादर पसरून कपडे गोळा केले होते आणि रात्री नकाशा उघडून किल्लारी शोधली होती. आमच्या नकाशात ती नव्हती. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ गेला. लातूरला मामांकडे कितीदा जाणे झाले, पण नेहमी बार्शीच्या वाटेने. त्या नावाच्या गावात आपण कधी उभे राहू, आणि तेही बंद पडलेल्या मोटारीसह, असे काही मनात आले नव्हते.

मिस्त्री पंचेचाळिशीचे होते. शेडमध्ये विहिरीतल्या आणि बोअरच्या दहाबारा मोटारी पोट उघडून पडल्या होत्या. तांब्याच्या जळक्या तारांचा एक ढीग होता आणि तीन शेतकरी उकिडवे बसून आपापल्या मोटारीची वाट पाहत होते. भाऊबीजेच्या दिवशी दुकान उघडे का, याचा उलगडा त्या ढिगाने केला. रब्बीची पेरणी आणि उसाला पाणी, दोन्ही एकदम आले. वीज आली की साऱ्या शिवारातले पंप एकाच वेळी सुरू होतात. डीपीजवळच्या विहिरीला वीज पुरेशी मिळते. तारेच्या शेवटच्या टोकाला जो असतो त्याच्यापर्यंत तिचा दाब पोचेपर्यंत अर्धामुर्धा होतो. तीन फेजची मोटार अशा वेळी काम सोडत नाही. कमी दाबावर तेच पाणी ओढण्यासाठी ती जास्त प्रवाह घेते, तापते, आणि शेवटी तिच्या तारांवरचा मुलामा जळतो. मग ती किल्लारीच्या पाटीवर येते.

मी मिस्त्रींना पाच महिन्यांचा इतिहास सांगितला. प्लग, गाळणी, पंप. त्यांनी मधेच विचारले, “चढाला बंद पडती का सपाटीला?”

“चढाला.”

“एकटे असताना पडती का समदे असताना?”

“सगळे असताना.”

“मग पंप कशाला बदलला? तुमचा पंप लाईनीच्या शेवटाला हाय, साहेब.”

मी म्हटले, “पण वीज तपासली. पूर्ण बारा व्होल्ट येतात.”

“कवा तपासली? पंपाची पिन काढून ना?”

आता मला आठवले. तिन्ही ठिकाणी पंपाला जाणारी जोडणी काढून तिच्या टोकांत मीटरच्या काड्या घातल्या होत्या. मी तसे सांगितले. मिस्त्री हसले नाहीत, बहुधा सवयीमुळे. “पिन काढल्यावर बाराच दावणार. तवा तार काही वाहतच नाही. ओझं नसलेला माणूस चढाला दमतोय का?”

पंप टाकीत, आणि टाकीचे झाकण मागच्या सीटखाली. त्यामुळे आईला उतरावे लागले. शेडच्या बाजूला लिंबाच्या सावलीत एक बाज टाकलेली होती. तिच्यावर आईला बसवले. आतल्या खोलीतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मिस्त्रींची बहीण. औशाहून सकाळीच भावाला ओवाळायला आल्या होत्या आणि तेव्हापासून ताट तयार ठेवून बसल्या होत्या. “ह्यो एक मोटार झाली की येतो म्हणतोय,” त्या आईला म्हणाल्या, “सकाळधरून चार झाल्या.” पाचवी मोटार आम्ही आणली होती. मला ओशाळल्यासारखे झाले. आई मात्र लगेच बाजेवर सरकली आणि त्यांना जवळ बसायला जागा करून दिली.

मिस्त्रींनी सीट काढली, झाकण उघडले, चारी दारे उघडी ठेवली आणि विडी ओढत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला लांब पिटाळले. मग पंपाची जोडणी न काढता तिच्या मागच्या बाजूने दोन टाचण्या आत सरकवल्या आणि मीटरच्या काड्या टाचण्यांना लावल्या. मला म्हणाले, “आता गाडी चालू करा. दिवे लावा, एसी लावा, पंखा सोडा. आहे नाही ते समदं लावा.” थंड झालेली मोटार सुरू झाली. बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट. पंपापाशी ९.६!

“चार व्होल्ट वाटेतच गेले,” मी म्हणालो.

“चार पॉइंट दोन,” कन्या म्हणाली. ती अकरावीत आहे.

“कुठं गेले ते बघू.” मिस्त्रींनी एक लांब तार घेऊन मीटरची एक काडी बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी पंपाच्या धन टोकाला लावली. नुसत्या तारेच्या दोन टोकांमध्ये मीटरने आकडा दाखवायला नको. पण त्याने २.८ दाखवला. मग ऋण बाजूला तसेच केले, तिथे १.४. म्हणजे वीज जाताना जितकी सांडत होती तिच्या निम्मी परत येतानाही सांडत होती. जाण्याच्या वाटेवर एकोणीस वर्षांची बारीक तार, गंजलेला फ्यूज आणि प्लॅस्टिकची तपकिरी पडलेली एक जोडणी सापडली. परतीच्या वाटेवर गाडीच्या पत्र्यावर घट्ट केलेला एक बोल्ट होता. त्याच्याखाली पत्र्याऐवजी गंज होता.

कन्येने वहीशिवाय हिशेब केला. पंप सहा अँपिअरच्या आसपास घेत असेल तर एकूण अडथळा पाऊण ओहमाहूनही थोडा कमी. “एवढासा?” मी विचारले. “बाबा, एवढासाच पुरतो. सहाने गुणा. अन् पिन काढल्यावर प्रवाह शून्य. शून्याने गुणलं की अडथळा कितीही असू दे, उत्तर शून्यच. म्हणून पुण्यात बारा दिसत होते.” ओहम साहेबांचा नियम मीही परीक्षेत लिहिला होता आणि त्याचे पूर्ण गुणही मिळवले होते. तो माझ्या मोटारीत राहतो हे मला कुणी सांगितले नव्हते.

वाटेत सांडलेली वीज नाहीशी होत नाही. ती त्या सांध्यांत उष्णता होऊन बसते. चार व्होल्ट आणि पाचसहा अँपिअर म्हणजे वीसपंचवीस वॅट. एक लहान बल्ब रात्रंदिवस त्या प्लॅस्टिकला भाजत होता म्हणा ना! आणि इकडे पंप हळू फिरे, पेट्रोलाचा दाब उतरे, चढावर इंजिनाला जेव्हा जास्त हवे तेव्हाच नेमके कमी मिळे. नवा पंप तीन आठवडे चालला, तो नवा होता म्हणून. उपाशी माणूसही पहिले काही दिवस काम करतोच.

“मग आता?” मी घड्याळाकडे पाहिले. दोन वाजून गेले होते. “मिस्त्री, बॅटरीपासून पंपाला थेट तार ओढा आणि एक बटण बसवून टाका. आम्हांला दिवेलागणीच्या आत लातूर गाठायचंय.”

“डायरेक्ट करत नसतो मी.”

“का?”

“गाडी उलटली तर इंजिन बंद पडतंय. पंप बंद पडाया पायजे का नको?”

मी गप्प झालो. मूळच्या तारेत वीज येते ती इंजिनाच्या हुकमाने. इंजिन थांबले की पंप थांबतो. थेट तार जोडली तर अपघातातही पंप पेट्रोल ओतत राहणार. फुटलेली नळी, तापलेले इंजिन आणि वर पेट्रोलाची धार! एक तास वाचवण्यासाठी मी मागच्या सीटवर आईखाली काय ठेवायला निघालो होतो, हे त्यांनी एका वाक्यात दाखवले.

त्यांनी वापरली ती वस्तू काडेपेटीहूनही लहान : रिले. तिला चार पाय असतात आणि त्यांचे आकडे ठरलेले असतात. ८५ आणि ८६ हे आतल्या गुंडाळीचे. ३० वर बॅटरीची जाड तार येते आणि ८७ वरून पंपाला जाते. जुनी तार पंपावरून काढून या गुंडाळीला जोडायची. गुंडाळीला प्रवाह लागतो पंपाच्या चाळिसाव्या हिश्शाइतका. तेवढा जुनी, दमलेली तारही सुखाने वाहते. गुंडाळी चुंबक होते, चुंबक आतली पट्टी खेचतो आणि जाड तारेचा रस्ता मोकळा होतो. म्हणजे निरोप जुन्याच वाटेने, ओझे तेवढे नव्या वाटेने.

ही युक्ती मोटारीहून जुनी आहे. तारायंत्राच्या काळात लांबच्या तारेतून आलेला संदेश शेवटच्या टोकाला क्षीण होई. मग वाटेत ठाणे ठेवीत; आलेल्या क्षीण विजेने नुसती एक पट्टी हलवायची आणि ती पट्टी ठाण्यातल्या ताज्या बॅटरीची वीज पुढच्या तारेत सोडायची. टपालाच्या टप्प्यावर दमलेला घोडा सोडून ताजा घोडा जुंपावा तसे. रिले या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही टप्प्यावरचे ताजे घोडे असाच आहे.

मिस्त्रींनी प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडले. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली. बॅटरीपासून वीतभर अंतरावरच पंधरा अँपिअरचा फ्यूज घातला. “फ्यूज पंपाजवळ घातला तर मधली तार कुठं पत्र्याला घासली की पेटंल. तार जिथून निघती तिथंच फ्यूज पायजे.” पत्र्याच्या भोकातून तार नेताना तिला रबराची बुशी घातली. सायलेन्सरची बाजू सोडून, गालिच्याखालून, दाराच्या उंबऱ्याखालून ती मागे नेली. रिले टाकीजवळ न लावता डिकीच्या कडेला उंचावर लावला. आत ठिणगी पडते, ती पेट्रोलाच्या वाफेपासून लांब बरी. ऋण बाजूसाठी पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढले आणि त्यावर नवी थिंबल घट्ट केली. प्रत्येक सांधा केल्यावर ते तो दोन्ही हातांनी ओढून पाहत. नुसता हलवून नव्हे. तुटावा अशा बेताने.

असा एक सांधा ओढताना ते मला म्हणाले, “आमचं घर लई मजबूत होतं, साहेब.”

मी काही विचारले नव्हते.

“दोन हात रुंद भिंती. दगडाच्या. वर माळवद. उन्हाळ्यात आत गारेगार. आज्याच्या आज्यानं बांधलेलं. पाऊस झाला की वर पांढरी माती टाकायची. दर साली टाकायची. टाकून टाकून किती झाली, कुणी मोजली न्हाई.”

पुढचे मला वाचून ठाऊक होते. पण ते त्या पद्धतीने मला कुणी सांगितले नव्हते. त्या रुंद भिंती म्हणजे खरे तर दोन भिंती असत : बाहेरचा थर, आतला थर, मध्ये मातीत बसवलेले दगडगोटे. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. उभ्या ओझ्याला भिंत शंभर वर्षे पुरली. १९९२ च्या ऑक्टोबरातही या गावाला धक्के बसले होते. भिंती उभ्याच राहिल्या आणि लोकांनी पुन्हा त्यांच्यावर विश्वास टाकला. त्या पहाटे जमीन आडवी हलली तेव्हा दोन्ही थर दोन बाजूंना फुटले आणि मधल्या माणसांवर माळवदाची माती आली. धक्का सहा रिश्टरांच्या थोडा वर होता. जगात याहून मोठे धक्के पुष्कळ ठिकाणी बसतात आणि याहून कमी माणसे मरतात.

“मी चौदाचा होतो. गणपती बुडवून रात्री उशिरा आलो, म्हणून बाहेर ओट्यावरच पडलो. आई, धाकटा भाऊ अन् ही आत.” त्यांनी लिंबाकडे मान केली. “हिचा एक हात तेवढा वर होता. दुपारपतोर धरून बसलो होतो. मग लष्कराचे लोक आले.”

आई आणि भावाविषयी ते आणखी काही बोलले नाहीत. सोल्डरचा धूर विरेपर्यंत मीही काही बोललो नाही. लिंबाखाली त्यांची बहीण माझ्या आईला कशाची तरी कृती सांगत होती. बोलता बोलता तिचा डावा हात पदरात होता.

“नव्या घराला पट्टा हाय,” ते शेवटी म्हणाले, “दाराच्या वर, चारी भिंतींला एकच. समद्या भिंती एकमेकींला धरून.” आणि त्यांनी पुढचा सांधा हाती घेतला.

साडेतीनला काम झाले. बॅटरी जोडली, पुन्हा टाचण्या घातल्या, पुन्हा दिवे, पंखा, गारवा, सगळे चालू. बॅटरीपाशी १३.८. पंपापाशी १३.४. मी आनंदाने सीट उचलायला गेलो, तर त्यांनी थांबवले. दहा मिनिटे मोटार तशीच चालू ठेवली आणि प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून तो तापतो का ते पाहिले. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि पंप त्याच क्षणी थांबतो की नाही हे कान देऊन ऐकले. थांबला. त्यानंतरच सीट बसवू दिली.

त्यांनी कागदाच्या तुकड्यावर हिशेब लिहिला. रिले आणि त्याची बैठक १८०, फ्यूज आणि खोबण ४०, सहा मीटर तार २१०, थिंबल वगैरे ६०, मजुरी ४००. एकूण आठशे नव्वद. साडेअकरा हजारांच्या शेजारी हा आकडा मला इतका एकाकी वाटला, की मी वर काही द्यायला खिशात हात घातला. त्यांनी कागदावर पेन्सिल टेकवली, “एवढेच.”

आई मात्र उठायला तयार नव्हती. “आधी ओवाळून घे रे बाबा,” ती मिस्त्रींना म्हणाली, “माझ्या भावापायी हिला किती वेळ ताटकळत ठेवणार?” मग शेडच्या पायरीवर, काळ्या हातांनी आणि टोपीऐवजी डोक्यावर रुमाल टाकून मिस्त्री बसले. बसलेल्या शेतकऱ्यांपैकी एकाने मोटारीचे कुसर काढणे थांबवले. बहिणीने कुंकू लावले, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवले. उजव्या हातानेच. आमच्या सौभाग्यवतींनी फराळाचा एक डबा मामांच्या वाटचा म्हणून वेगळा ठेवला होता. त्यातला अर्धा किल्लारीत राहिला.

जुन्या गावाची वाट मिस्त्रींनी दाखवली होती. उशीर झाला होता, तरी आईच म्हणाली, “जाऊन येऊ.” जुन्या किल्लारीत आता कुणी राहत नाही. बाभळी, गवत, मधूनच एखादे जोते आणि कुणाच्या तरी घराचे घडीव दगड. निळकंठेश्वराचे देऊळ आहे. दर ३० सप्टेंबरला येथे माणसे जमतात आणि गेलेल्यांना आदरांजली वाहतात. एरवी शांत असते. नवे गाव वेगळ्या जागी वसले. तिथले रस्ते सरळ, घरांमध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत जुन्या गल्ल्या हरवल्या असे तिथली वडीलधारी माणसे म्हणतात, आणि नव्या मुलांना गल्ल्या ठाऊकच नाहीत. आईने दोन्ही हात जोडले. आम्ही पाच मिनिटे उभे राहिलो आणि निघालो.

लामजना, औसा. वाटेतले सगळे चढ मोटार अशी चढली, की कन्येने मागून टाळ्या वाजवल्या. दिवे लागता लागता आम्ही मामांच्या दाराशी होतो.

दार मामांनीच उघडले. हसतमुख, दाढी केलेली, नवे धोतर. “बघ, सांगितलं नव्हतं, ठणठणीत आहे?” दारात उभे असताना ते खरोखरच ठणठणीत दिसत होते. मग आईने पाट मांडला आणि मामा त्यावर बसायला वाकले. वाकताना त्यांनी प्रथम भिंत धरली, मग माझा खांदा, मग दुसऱ्या हाताने मामेभावाचा खांदा. ओवाळणी ताटात टाकताना हात एवढा थरथरला, की नाणे निरांजनावर आपटले. सगळे हसलो. आई हसली नाही. ती तबक हातात धरून, निरांजनाच्या उजेडात त्यांच्याकडे नीट पाहत राहिली.

जेवताना ती म्हणाली, “मी आता महिनाभर इथंच राहते.”

“अगं, कशाला? मला काय झालंय?” मामा म्हणाले.

“काही नाही,” आई म्हणाली, “तू जेव.”

दोन दिवसांनी आम्ही तिघेच परत फिरलो. किल्लारीच्या पाटीवर मोटार हळू केली. शेडमध्ये मिस्त्री कुठल्याशा मोटारीत मान घालून बसले होते. त्यांनी वर पाहिले आणि हात केला, आणि मग हातानेच विचारले : ठीक? मी मान डोलावली. पुढे तेरणेचा उतार होता. मागची सीट अर्धी रिकामी होती, आणि इतक्या हलक्या मोटारीवरून काही सांगणे बरोबर नव्हते.